सहा सऱ्या ऊस

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवणार नाही. पालीला भिते, विजेला भिते, शाळेत तपासणीला साहेब आले की हातातला खडू खाली पडतो. घरात लहानपणापासून मला भागूबाई म्हणत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा ब्रह्मराक्षस मला पन्नाशीला टेकताना भेटला आणि तो माझ्या आईवडिलांच्या उसात राहत होता.

आमचं घराणं शिंप्यांचं. म्हैसुरात येऊन किती पिढ्या झाल्या ते कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात बोलायचं मराठी, पण त्यात कानडी इतकं मुरलेलं की पुण्याकडच्या पाहुण्यांना निम्मं कळत नाही, आणि ते हसले की आम्हाला राग येतो. देवराज मोहल्ल्यात आमचं दुकान होतं. आजोबांनी लोकांच्या लग्नाचे कोट शिवून शिवून सोसले गावाजवळ, कालवा जिथे संपत येतो तिथे, चार एकर जमीन घेतली. कापड फाटतं, जमीन फाटत नाही, असं ते म्हणायचे. ऐन उन्हाळ्यातली काळी जमीन त्यांनी नीट बघितली नसावी.

तयार कपड्यांचा जमाना आला तेव्हा अप्पांनी दुकानाला कुलूप लावलं आणि आईला घेऊन ते शेतावर राहायला गेले. दोघांचीही साठी उलटलेली. तिथे दोन खोल्यांचं कौलारू घर, मागे गोठा, विहीर, थोडी नारळाची झाडं. चारांपैकी अडीच एकर ऊस आणि एक एकर भात. सगळ्यांच्या शेतात ऊस म्हणून आमच्याही शेतात ऊस. अप्पांना शेतीतलं फारसं कळत नव्हतं, पण ऊस लावला की वाढतो एवढं कळत होतं. मी म्हैसुरात शाळेत शिकवायची. दर रविवारी सकाळच्या बसने जायची आणि संध्याकाळच्या बसने परत यायची.

बसमधून उतरलं की घरापर्यंत दहा मिनिटांची पायवाट. दोन्ही बाजूंना ऊस. तो डोक्यावर गेला की वाटेचा बोळ व्हायचा, आणि वारा सुटला की कुणीतरी कोरं कापड फाडतंय असा आवाज यायचा. मी पांडुरंग, पांडुरंग म्हणत जवळजवळ पळतच जायची. मी उसातून बाहेर पडताना अप्पा ओट्यावरून बघायचे आणि हसायचे. त्या वेळी मला कशाची भीती वाटते ते मलाही सांगता आलं नसतं. ऊस होता, आत काही दिसत नव्हतं, एवढंच.

मग एका पावसाळ्यात शेजारच्या शेतकऱ्याचा कुत्रा नाहीसा झाला. त्यानंतरच्या रविवारी अप्पांनी मला उसाच्या पहिल्या सरीत चिखलात उमटलेला पंजा दाखवला. त्यांनी शेजारी आपला तळवा टेकवून बघितला. जवळजवळ तेवढाच होता. शेजारचा शेतकरी बांधावर उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "चिरते, अम्मा." चिरते म्हणजे बिबट्या. "कब्बु, ऊस आहे तिथे येणारच. सुम्ने, गप पडून असतो, कुणाला काय करत नाही." एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण जाता जाता तो आणखी एक गोष्ट सांगून गेला. उभ्या माणसाला हे जनावर सहसा धरत नाही. वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, शेळी वाटते.

मी आईकडे बघितलं. ती गाईसाठी गवत कापत होती, वाकून. आई दिवसातले निम्मे तास वाकलेलीच असते. आणि लहानपणी गोवर झाला तेव्हा तिचा उजवा कान गेला तो गेलाच, वय झालं तसा डावाही मंद झाला. मागून हाक मारली तर तिला कळत नाही. माझी आई वाकलेली असते आणि तिला ऐकू येत नाही: हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जे बसलं ते निघेना. शाळेत फळ्यावर गणित लिहिता लिहिता मी थांबायची. मुलं म्हणायची, टीचर, पुढे? मला पुढे उसाची कड दिसत असायची.

मग मी अप्पांच्या मागे लागले. ऊस काढा. सगळं शेत एवढं कशाला हवंय तुम्हा दोघांना? झेपेल तेवढंच करा. मी दर रविवारी तेच म्हणायची आणि ते दर रविवारी तेच ऐकायचे. कारणं हवी तेवढी होती. त्यांचे गुडघे गेले होते. ऊसतोडीची माणसं त्यांच्या मर्जीनं येत, आपल्या नाही. कालव्याचं पाणी वरच्या सगळ्यांचं भागल्यावर आमच्यापर्यंत पोचे. माती चिकट होत चालली होती. पण अप्पा माणूस हुशार, त्यांना माझं खरं कारण माहीत होतं.

"तुला भीती वाटते म्हणून मी शेत लहान करू?"

"करा की," मी म्हणाले. "मला भीती वाटते म्हणून तुम्ही मला लहानपणी झोपेपर्यंत दिवा ठेवत नव्हता का?"

ते हसले आणि विषय तिथेच राहिला.

शेवटी त्यांना माझ्या बोलण्यानं पटलं नाही, ते एका सकाळी उसात पडले म्हणून पटलं. पाणी वळवायला आत गेले, पाय घसरला, गुडघा मुरगळला आणि उठता येईना. त्यांनी आईला हाका मारल्या. ती वीस पावलांवर मिरच्या खुडत होती. तिला काही ऐकू आलं नाही. दोन तास ते चिखलात पडून होते, चहूकडे ऊस, आणि त्या दोन तासांत त्यांना काय काय वाटलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. शेजाऱ्यानं बांधावरून ओरडणं ऐकलं आणि त्यांना उचलून आणलं. पुढच्या रविवारी मी गेले तर पाय बांधलेला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आयतु, बरं. लहान करू."

पण अप्पा शिंपी. ते शेत लहान करणार म्हणजे शिंप्यासारखंच करणार. गुडघा बरा झाल्यावर त्यांनी पत्र्याच्या पेटीतून जुनी टेप काढली, तपकिरी कागद काढला, खडू काढला. मला म्हणाले, "मोठा कोट लहान करायचा तर आधी सगळा उसवावा लागतो. नुसत्या बाजू आत घेतल्या की खांदे लोंबतात." आणि कपडा लहान करायचा तर माप कुणाचं घ्यायचं? घालणाऱ्याचं. तेव्हा ते जमिनीचं माप घेणार नव्हते, आईचं आणि स्वतःचं घेणार होते.

त्यांनी आईला विहिरीवर कळशी भरायला लावली. तिच्या डाव्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, "चाल. थकलीस की खाली ठेव." ती चालेल आणि जिथे कळशी खाली ठेवेल तिथे ते खुंटी ठोकणार. चारही दिशांना. त्या खुंट्यांच्या आत जेवढं येईल तेवढं आमचं शेत, बाकीचं नाही.

आई निघाली. मी तिच्या बाजूनं चालत होते. भाताच्या बांधापर्यंत आली तेव्हाच तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, ओठ दातांत धरले होते, पण कळशी काही खाली येईना. बांध ओलांडला, त्यापुढचा चरही ओलांडला, आणि मग तिनं जणू सहज ठेवावी तशी कळशी ठेवली. अप्पांनी तिथे खुंटी ठोकली. मग उपटली. वीस पावलं मागे आले आणि तिथे ठोकली.

"अय्यो! मी तिथवर गेले की!" आई म्हणाली.

"मापाला उभं राहिलं की गिऱ्हाईक पोट आत घेतं," अप्पा म्हणाले. "चाळीस वर्षं बघतोय. आत घेतलेल्या पोटाचा कोट शिवला तर पहिल्या पंक्तीला बटण तुटतं."

आई फुरंगटून विहिरीच्या कठड्यावर बसली. पण अप्पांचं माप घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं सव्याज वसूल केलं. उकिडवं बसून खुरपत जायचं, गुडघा बोलला की थांबायचं, असं त्यांचं माप. ते थांबले तिथून निम्मं अंतर मागे येऊन तिनं खुंटी ठोकली आणि म्हणाली, "हं. पोट सोडा आता." मी कितीतरी दिवसांनी शेतावर हसले.

आत आलं एक एकर आणि वर थोडं. तेवढ्यात नाचणी, अवरेच्या म्हणजे पावट्याच्या शेंगा, मिरची-वांगी, नारळ, आणि कालव्याला पाणी आलं तर चार वाफे भात. पलीकडचा एक एकर शेजाऱ्यानं वाट्यानं करायचा. उरलेल्यात कुळीथ, कारण कुळीथ कुणाकडे काही मागत नाही. तीन गाईंपैकी एक ठेवायची. आधी घरात खायचं, मग उरलं तर विकायचं. अप्पांनी हे सगळं तपकिरी कागदावर खडूनं आखलं आणि तो कागद भिंतीला टाचला.

पौषाच्या सुरुवातीला शेवटचा ऊस तोडला गेला. मग बुडखे खणायला घेतले. ते काम पुढे महिनाभर चाललं. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना आता नुसतं आभाळ. मी पहिल्यांदाच त्या वाटेनं सावकाश चालले. घरी पोचले तर अप्पा ओट्यावर शेताकडे पाठ करून बसलेले. जेवले नव्हते. आई म्हणाली, तीन दिवस असेच बसतात. मी यांना वाचवायला निघाले आणि यांचा जीवच उसवून ठेवला की काय, अशी एक वेगळीच भीती मला त्या दिवशी वाटली. ती बिबट्याच्या भीतीपेक्षा वाईट होती, कारण तिच्यापासून दार लावून बसता येत नाही.

म्हणूनच गोठ्यामागच्या सहा सऱ्यांना मी हरकत घेतली नाही.

झालं असं की अप्पांनी सगळा ऊस काढला, पण गोठ्यामागच्या सहा सऱ्या ठेवल्या. शिंपी कपडा लहान करतो तेव्हा जादा कापड कधीच कापून टाकत नाही. ते शिवणीच्या आत दुमडून ठेवतो. त्याला माया ठेवणं म्हणतात. मूल वाढतं, माणूस सुटतो, कोट धाकट्याला जातो. माया असली तर उसवून परत मोठा करता येतो. माया न ठेवणारा शिंपी म्हणजे आमच्यात कसाई. अप्पा मला म्हणाले, संक्रांतीला वाटायला नको का ऊस? मग थोड्या वेळानं म्हणाले, परत लावायचा झाला तर बेणं कुठून आणायचं? वर्षभर उसाच्या नावानं बोंब मारणारी मी, मी म्हणाले, "हो, राहू दे." मीही त्याच घरातली. मलाही ते बरोबरच वाटलं. आणि भित्र्या माणसाला परत फिरायची वाट लागतेच. हत्ती गेला, शेपूट राहिलं, एवढंच मनात आलं. शेपटाला कोण भितं?

शेतकऱ्यानं अशी चूक केली नसती. शेजारी नंतर म्हणाला की एक तर सगळा ठेवायचा, नाही तर सगळा काढायचा. आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात ही साधी गोष्ट आली नाही की अडीच एकरात राहणारं जनावर अडीच एकर गेल्यावर कुठे जाईल. आजूबाजूच्या शेतांतलाही ऊस तोडून झाला होता. त्या सगळ्या उघड्या माळावर उभा ऊस उरला होता तो आमच्या गोठ्यामागे, घरापासून पन्नास पावलांवर.

शिवरात्र होऊन गेली होती. रविवारची दुपार. जेवणं झाली होती, अप्पा समोरच्या बाजूला नाचणीच्या रानात शेजाऱ्याशी बोलत उभे होते. मी मागच्या पडवीत पेपर तपासत बसले होते. गोठ्याचं सांडपाणी त्या सहा सऱ्यांच्या कडेनं वाहत जायचं, म्हणून उन्हाळ्यातही तिथे हिरवं गवत असायचं. आई तिथे विळा घेऊन बसली होती.

मला आधी गाय दिसली. ती रवंथ करत होती, ती थांबली. कान उसाकडे वळले आणि तशीच उभी राहिली. मग मला उसाचा पाला हललेला दिसला. वारा नव्हता. आणि मग, आईच्या समोर, दोन-तीन हातांवर, पिवळ्या पाल्यात पिवळं काहीतरी होतं, आणि त्यावर काळे ठिपके होते.

एवढे दिवस मी या क्षणाला भीत आले होते. मनात शंभर वेळा ओरडले होते, दगड घेऊन धावले होते. त्या दुपारी मी जागची उठलेही नाही. तोंड उघडलं, आवाज आला नाही. मांडीवरचे पेपर हातात घट्ट धरून बसले. आई वाकलेली होती, तिचा विळा चालला होता, आणि मी तिची मुलगी तिच्याकडे नुसती बघत होते. हे लिहितानाही मला लाज वाटते.

मग आई उठून उभी राहिली. गवताचा भारा बांधला, चुंबळ ठेवली, भारा उचलून डोक्यावर घेतला आणि सावकाश, अगदी सावकाश, घराकडे चालत आली. पळाली नाही. तिच्यामागे पाला एकदा हलला आणि थांबला. ती पडवीच्या पायरीशी आली तेव्हा मला पाय फुटले. मी तिचा दंड धरून तिला आत ओढलं, भाऱ्यासकट, आणि दाराला कडी घातली. गवत सगळ्या स्वयंपाकघरात सांडलं.

अप्पांना फोन केला तर मला बोलता येईना. "उसात," एवढंच मी म्हणाले. त्यांना कळलं. ते समोरून आले, शेजाऱ्यानं गोठ्याचं फाटक लोटून साखळी लावली आणि जाताना खिडकीतून बजावलं, "अम्मा, होरगे बरबेडि." बाहेर येऊ नका. वनखात्याच्या माणसांना फोन केला. जवळ जाऊ नका, हाकलू नका, त्याला जायला वाट मोकळी असू दे, अंधार पडला की जाईल, आम्ही सकाळी येतो, असं त्यांनी सांगितलं.

आम्ही तिघं दुपारी तीन वाजल्यापासून दारंखिडक्या लावून बसलो. अप्पांनी आईच्या कानाशी वाकून सांगितलं, "उसात चिरते आहे." आता ही घाबरून काय करेल, असं मला वाटलं. ती "बरं" म्हणाली आणि अवरेच्या शेंगा सोलायला घेतल्या. अप्पा भिंतीवरच्या तपकिरी कागदासमोर उभे होते. बराच वेळ. मग तिथल्या तिथे भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "मीच ठेवला तो तिथे." मी म्हणाले, "मी हो म्हटलं होतं." गाय मधूनच हंबरायची आणि आम्ही दोघं दचकायचो. त्या संध्याकाळी मी म्हैसूरला परतले नाही.

सकाळी वनखात्याची दोन माणसं आली, सरीत शिरून बघून आली. पंजे कालव्याकडे गेले होते. आता काढून टाका म्हणाले हा तुकडा, हा राहिला तर तो परत येणार. ते गेल्याबरोबर अप्पांनी कोयता घेतला. मजूर बोलावू म्हटलं तर ऐकेनात. शेजारी आणि ते तोडत गेले, मी मोळ्या ओढत गेले. प्रत्येक मोळी ओढताना मागे बघत होते. बेण्यासाठीसुद्धा एक कांडं ठेवलं नाही. शेंड्यांचे सगळे हिरवे वाढे शेजाऱ्याच्या बैलांना गेले.

कडेच्या सरीत, गवताला लागून, पाला दबून गुळगुळीत झाला होता. माणूस कुशीवर झोपेल एवढी जागा. एका दिवसाची नव्हती ती. माती घोटल्यासारखी झाली होती. अप्पांनी सवयीनं खिशातली टेप काढली. एक टोक त्या जागेवर ठेवलं आणि दुसरं, आई जिथे बसून गवत कापायची तिथे. आकडा बघितला आणि मला न सांगता टेप गुंडाळून खिशात ठेवली. मग घरात जाऊन आडवे झाले.

आई कॉफी घेऊन मागच्या पडवीत आली. माझे हात उसाच्या पाल्यानं चरचरत होते आणि डोकं भणाणलं होतं. रात्रभराची सगळी भीती रागाच्या रूपानं बाहेर आली. मी तिच्या डाव्या कानाशी ओरडले, "किती दिवस तो तिथे येऊन पडत होता, ठाऊक आहे तुला?"

"संक्रांत झाली तेव्हापासून," ती म्हणाली.

मला वाटलं तिला प्रश्न नीट ऐकू आला नाही. मी परत विचारलं.

"ऐकलं की. संक्रांत झाल्यावर एकदा शेपूट दिसलं. मग एकदा तोंड. त्याच्याकडे पाठ करायची नाही, पळायचं नाही. डोक्यावर भारा घेतला की माणूस उंच दिसतं. उठताना तेवढी भीती. कालसुद्धा भाऱ्याची गाठ बसेना."

"आणि तू सांगितलं नाहीस? रोज तिथे जाऊन बसलीस?"

"गवत तिथेच आहे, अल्वा, नाही का? गेले नसते तर तुम्ही विचारलं असतं, का जात नाही म्हणून." तिनं कॉफीचा लोटा माझ्यापुढे सरकवला. "आणि सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी लोटा उचलला.

"हे स्वल्प रान उरलंय, तेही काढलं असतंस. तो काय, ऊस संपला की जाणार. तू आम्हाला नेलं असतंस तर परत आणून सोडणार होतीस का?"

एक गोष्ट मी इथवर लिहिलेली नाही. म्हैसुरात माझ्या घरातली मागची खोली मी दिवाळीतच रिकामी केली होती. दोन कॉट आणल्या होत्या. न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतले होते. चार एकरांचं एक एकर, पुढच्या वर्षी एकराचं परसू, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ही खोली, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आईच्या काळजीनंच ठरवलं होतं. अप्पांना सांगितलं नव्हतं, तिला तर नाहीच. तिला कसं कळलं ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

आई समोर मोकळ्या झालेल्या रानाकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघता, बहिरी माणसं बोलतात तशी जरा मोठ्यानंच, म्हणाली, "ऊस गेल्यापासून ओट्यावरून रस्ता दिसतो. रविवारी तू बसमधून उतरताना दिसलीस की माझ्या छातीत धस्स व्हायचं."